निकोलसची हाडं कोणाची?

बारीत दरवर्षी मे महिन्यात एका चोरीची जत्रा भरते. इटलीच्या दक्षिणेला, एड्रियाटिक समुद्राला टेकलेलं हे बंदर. ७ मेच्या संध्याकाळी जुन्या काळचे पोशाख चढवून मिरवणूक निघते. दुसऱ्या दिवशी संत निकोलसची मूर्ती होडीत बसवून समुद्रात नेतात. ९ मेला त्याच्या थडग्यात साचलेलं पाणी काढतात. त्याला म्हणायचं ‘मान्ना’. आपण तीर्थ म्हणू. ही तारीख पकडण्याचं कारण एवढंच की ९ मे १०८७ रोजी बारीचे ६२ खलाशी निकोलसची हाडं घेऊन याच किनाऱ्याला लागले. हाडं होती आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावच्या चर्चमध्ये. राखणीला असलेल्या भिक्षूंना आधी पैशाचं आमिष दाखवलं, ते बधेनात तेव्हा त्यांना दमात घेतलं आणि घणाने थडग्याचा संगमरवर फोडला.

हा निकोलस म्हणजे चौथ्या शतकातला मायराचा बिशप. पुढे युरोपात आणि मग अमेरिकेत त्याचा सांताक्लॉज झाला, ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मला बोलायचंय ते वेगळ्याच मुद्द्यावर. पळवून नेलेला देव, संत किंवा त्यांचे अवशेष परत द्यायचे की नाही, आणि द्यायचे तर नेमके कोणाला? वसाहतींच्या काळातल्या लुटीमुळे हा प्रश्न आपल्याकडेही घरचाच झालाय. कोहिनूरपासून वाघनखांपर्यंत कशाचंही नाव निघालं की ‘आमचं आम्हाला द्या’ हे एकच उत्तर तोंडात तयार असतं. बारीच्या चर्चमध्ये गेलं की ते उत्तर पुरत नाही.

चोरी का झाली हे आधी पाहू, कारण ती काही चार दारुड्या खलाशांची मस्ती नव्हती. बारी हे बायझंटाइन साम्राज्याचं, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलहून (आजचं इस्तंबूल) चालणाऱ्या ग्रीक ख्रिस्ती राज्याचं, दक्षिण इटलीतलं मुख्य ठाणं. १०७१ मध्ये नॉर्मन सरदार रॉबेर गिस्कारने ते जिंकलं आणि गावाची शान गेली, राजधानीपण गेलं. त्याच वर्षी तिकडे मांझिकर्टच्या लढाईत सेल्जुक तुर्कांनी बायझंटाइन सम्राटाचा पराभव केला आणि आशिया मायनरची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानची, दारं त्यांना उघडी झाली. म्हणजे एका बाजूला रया गेलेलं व्यापारी गाव, त्याला यात्रेकरू खेचणारं काहीतरी हवं. दुसऱ्या बाजूला एक प्रसिद्ध संत, ज्याच्या गावाभोवतीचं राज्य खिळखिळं झालंय. ‘आम्ही नेला नसता तर तुर्कांनी विटंबना केली असती’ ही सबब आयती मिळाली. व्हेनिसचे लोकही निकोलसवर टपून आहेत अशी कुणकुण बारीच्या व्यापाऱ्यांना अँटिऑकच्या वाटेवर लागली आणि त्यांनी घाई केली. व्हेनिसवाले पुढे पहिल्या क्रूसेडच्या (ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या) धामधुमीत मायराला पोचले आणि मागे राहिलेले तुकडे गोळा करून घेऊन गेले. ते आजही व्हेनिसच्या लिडो बेटावरच्या चर्चमध्ये आहेत. दोन्हीकडची हाडं लुईजी मार्तिनो या शरीरशास्त्रज्ञाने तपासली, बारीची १९५० च्या दशकात आणि लिडोची १९९२ मध्ये. ती एकाच म्हाताऱ्या माणसाची असावीत, असा त्याचा निष्कर्ष. चोरांनी वाटणी केली, पण माल एकच.

या चोरीचं वर्णन त्या काळच्या पाद्री मंडळींनी मोठ्या अभिमानाने लिहून ठेवलंय. त्यात एक कुपी येते. एका पाद्र्याच्या हातातली पवित्र तेलाची काचेची कुपी खाली फरशीवर पडली आणि फुटली नाही. झालं, खलाशांनी अर्थ लावला की संताची संमती आहे. मग परतीच्या वाटेवर वारा अडला, गलबतं पुढे जाईनात. चौकशी केली तर काही खलाशांनी हाडांचे तुकडे परस्पर लपवलेले निघाले. ते परत ठेवल्यावर वारा अनुकूल झाला म्हणे. मायराच्या भिक्षूंना लुटलं तेव्हा संताची हरकत नव्हती. चोरांच्या आपसातल्या चोरीला मात्र होती!

हसायला येतं, पण आपल्याकडे याच वळणाची कथा आहे आणि ती आपण कीर्तनात माना डोलवत ऐकतो. विजयनगरच्या कृष्णदेवरायाने पंढरपूरची विठ्ठलमूर्ती आपल्या राजधानीत नेली आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत आणली, अशी वारकरी परंपरा सांगते. त्या कथेत राजा मूर्ती नेतो ती भक्तीपोटी आणि देव परत येतो तो भक्ताच्या ओढीने. इतिहास म्हणून तिच्याविषयी अभ्यासकांत वाद आहेत, ते राहू देत. पण दोन्हीकडचा युक्तिवाद सारखाच नाही का? नेणाराही म्हणतो देवाची इच्छा, आणणाराही म्हणतो देवाची इच्छा. देवाला साक्षीला उभं केलं की उलटतपासणीची सोयच राहत नाही. म्हणून परत देण्या-घेण्याच्या वादात ‘संताला कुठे राहायचं होतं’ हा मुद्दा मी पहिल्या फटक्यात बाजूला काढतो, मग तो बारीने मांडलेला असो नाहीतर तुर्कस्तानने.

तुर्कस्तानने तो खरोखर मांडलाय. २००९ च्या अखेरीस नेवजात चेविक या तुर्की पुरातत्त्वज्ञाने हाडं परत मागितली. त्यांचं म्हणणं, निकोलसला आपल्याच गावात चिरविश्रांती हवी होती. हे गाव आता देमरे. तिथलं जुनं चर्च नदीच्या गाळात कित्येक हात गाडलं गेलं होतं, ते उकरून काढलंय आणि सरकारने त्याचं संग्रहालय केलंय. तिकीट काढून आत जायचं. अंताल्याच्या हॉटेलांतून बसगाड्या भरभरून रशियन पर्यटक येतात, फुटलेल्या दगडी शवपेटीपुढे उभे राहतात. या गावाने निकोलसचं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. रशियातून भेट आलेला संताचा ब्राँझचा पुतळा चौकातून हलवून २००५ मध्ये तिथे लाल कोटातला, पांढऱ्या दाढीचा प्लास्टिकचा सांताक्लॉज उभा केला. त्यात पुन्हा २०१७ मध्ये अंताल्याच्या वारसा खात्याच्या प्रमुखांनी जाहीर केलं की चर्चखाली एक अखंड थडगं आढळलंय, खरा निकोलस तिथेच आहे आणि बारीवाल्यांनी नेली ती दुसऱ्याच कुणा पाद्र्याची हाडं. म्हणजे २००९ मध्ये ‘आमची हाडं द्या’ आणि आठ वर्षांनी ‘ती हाडं खरी नव्हेतच’. दोन माणसांची दोन मतं म्हणून सोडून देता येईल. पण दोघांच्याही बोलण्यात निकोलसपुढे गुडघे टेकणारा माणूस कुठेच नव्हता. होता तो पर्यटक.

आता बारी. जुन्या गावाच्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून वाटीभर साखर देता यावी. उंबऱ्याशी पाट मांडून बायका कानाच्या पाळीसारखा पास्ता करत बसलेल्या असतात. कणकेची वळी, सुरीने तुकडा, अंगठ्याने दाब, की झाला. या गल्ल्यांतून बाहेर पडलं की एकदम उघडं पटांगण लागतं आणि पांढऱ्या दगडाची भली थोरली भिंत. किल्ल्याचीच म्हणावी. ती तशी का दिसते याला कारण आहे, बायझंटाइन सुभेदाराच्या वाड्याच्या जागेवर हे चर्च उठलंय. मुख्य दरवाज्याच्या दोन्ही अंगांना खांब पाठीवर घेतलेले दोन बैल आहेत. सिंह, गरुड असलं काही पाहायची तयारी ठेवून गेलेल्या मराठी माणसाला ते बैल बघून बरं वाटतं. आत जायला तिकीट नाही. इटलीतल्या कित्येक नामांकित चर्चमध्ये आता पैसे मोजावे लागतात, रोमच्या पँथिऑनलाही २०२३ पासून तिकीट लागलंय, म्हणून हे मुद्दाम सांगायचं.

खरी जागा खाली तळघरात. पायऱ्या उतरताना मेणाचा वास येतो. छत बुटकं, खांब २६, प्रत्येकाच्या माथ्यावरचं कोरीवकाम निराळं. एका कोपऱ्यात लालसर संगमरवराचा एक खांब लोखंडी जाळीत बंद करून ठेवलाय. तो संतानेच आणून बसवला अशी श्रद्धा. मधोमध वेदी, तिच्याखाली थडगं, पुढे जाळी. १०८९ मध्ये पोप अर्बन दुसरा याने स्वतः इथे येऊन हाडं ठेवली. नऊ वर्षांनी, १०९८ मध्ये, त्याच अर्बनने याच चर्चमध्ये धर्मसभा भरवली आणि पवित्र आत्मा फक्त पित्यापासून येतो की पुत्रापासूनही, यावर लॅटिन (रोमच्या) आणि ग्रीक (पूर्वेकडच्या) मंडळींचा कडाक्याचा वाद झाला. इंग्लंडातल्या कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म लॅटिन बाजूने बोलला. मिटलं काहीच नाही. आणि आज त्या थडग्यापुढे काय दिसतं? डोक्याला रुमाल बांधलेल्या पूर्व युरोपातल्या बायका. एक बाई वाकली, कपाळ दगडाला टेकवलं आणि तशीच राहिली; मागे रांग थांबली तरी कुणी तिला हटकलं नाही. रशियन, जॉर्जियन, युक्रेनियन, रुमानियन, ग्रीक, सगळे ऑर्थोडॉक्स पंथाचे, म्हणजे मायराच्या चर्चच्याच पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेतले. चर्च कॅथलिकांचं, १९५१ पासून डोमिनिकन संघाच्या ताब्यात. तरी तळघरात ऑर्थोडॉक्सांसाठी स्वतंत्र जागा आहे आणि त्यांचे धर्मगुरू तिथे आपल्या रीतीने उपासना करतात. एका छपराखाली दोघांची रोजची ये-जा असलेली अशी तीर्थक्षेत्रं ख्रिस्ती जगात फार नाहीत.

यावरून माझं मत बनलंय. अवशेष नकाशावरच्या गावाचे नसतात, त्यांना भजणाऱ्यांचे असतात. ते परत मागायचा अधिकार जिवंत उपासकांचा, त्या जमिनीवर आज ज्याचं राज्य आहे त्याचा नव्हे. देमरेतल्या संग्रहालयाला हाडं दिली तर ती एका तळघरातून निघून एका तिकीटखिडकीमागे जातील. याला परत करणं म्हणत नाहीत.

जन्मभूमीचा न्याय लावायचा म्हटला तर गोव्याचं उदाहरण घ्या. जुन्या गोव्यात बॉम जेझूत असलेले सेंट फ्रान्सिस झेवियर जन्माने स्पेनमधल्या नवारचे. मरण आलं १५५२ मध्ये, चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर. तिथून मलाक्का आणि मग १५५४ मध्ये गोवा. १६१४ मध्ये त्यांचा उजवा हात कोपरापासून तोडून रोमला नेला, तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. नकाशा पुढे ठेवून हक्क सांगायला बसलं तर स्पेन, चीन, मलेशिया, सगळेच उभे राहतील. पण गोयंचो सायब म्हणून दर दहा वर्षांनी लोटणारी गर्दी गोव्यात आहे, आणि कोणाही शहाण्या माणसाला तेवढा पुरावा पुरतो.

‘मग परत काहीच द्यायचं नाही का?’ द्यायचं की. घेणारा समोर हवा. १२०४ मध्ये क्रूसेडच्या फौजांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं त्यानंतर इटलीत पवित्र अवशेषांचा पूर आला. अमाल्फीच्या चर्चमधले संत अँड्र्यूचे अवशेष १२०८ मध्ये तिथूनच आले. या अँड्र्यूचं शिर मात्र निराळ्या वाटेने १४६२ मध्ये रोमला पोचलं होतं. ते पोप पॉल सहावे यांनी १९६४ मध्ये ग्रीसमधल्या पात्रासला परत पाठवलं, कारण तिथे अँड्र्यूचं गाव होतं, चर्च होतं आणि रस्त्यावर उतरलेले लोक होते. अलेक्झांड्रियाहून पळवलेल्या संत मार्कच्या अवशेषांतला काही भाग १९६८ मध्ये इजिप्तच्या कॉप्टिक चर्चला दिला. जॉन पॉल दुसरे यांनी २००४ मध्ये जॉन क्रिसोस्टम आणि नझियान्झसचा ग्रेगरी यांचे अवशेष इस्तंबूलचे पॅट्रिआर्क, म्हणजे तिथल्या ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख धर्मगुरू, बार्थोलोम्यू यांच्या हाती दिले. आणि यातलं एक उदाहरण आपलं स्वतःचं आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये शिराझला शाह अब्बासच्या हुकुमाने हालहाल करून मारलं. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गुपचूप काढले आणि त्यातला भाग गोव्याला आणून पुरला. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिन मठाच्या पडक्या भिंतींत पुरातत्त्व खात्याला हाड सापडलं, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने डीएनए तपासला, आणि जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसीत जाऊन ते जॉर्जियाच्या स्वाधीन केलं. गोव्यात केतेवानला नवस बोलणारं कोणी नव्हतं, तिकडे अख्खा देश तिला संत मानतो. दिलं हेच बरोबर झालं.

आता माझ्या मताला जी खरी अडचण आहे तिच्याकडे वळतो. उपासक जिथे तिथे अवशेष, हा न्याय लावला तर चोराचं फावतं. पळवून न्या, वर्षानुवर्षं पूजा करा, गर्दी जमवा आणि मग म्हणा, बघा किती भक्त आहेत! नऊशे वर्षांच्या भक्तीने चोरी धुतली जाते का? शिवाय देमरेत निकोलसला भजणारं कोणी नाही ते उगाच नाही. १९२३ च्या करारानुसार ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येची अदलाबदल केली आणि त्या किनाऱ्यावरचे ग्रीक ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडून गेले. आधी भक्तांना हाकलायचं आणि मग भक्त नाहीत म्हणून देव द्यायचा नाही, हा न्याय कसला?

या आक्षेपातलं पहिलं अर्ध मला मान्य आहे. भक्तीने चोरी धुतली जात नाही. पण काळाच्या ओघात ती भक्ती लुटलेल्यांच्याच कुळातल्या लोकांची झाली असेल तर चित्र बदलतं, आणि बारीत नेमकं हेच घडलं. निकोलसला मायराहून बारीला आणल्याचा सण रशियन ऑर्थोडॉक्स चर्च अकराव्या शतकाच्या अखेरीपासून पाळतंय. त्यांच्या जुन्या पंचांगामुळे तो आता २२ मेला येतो. ग्रीकांनी तो फारसा मनावर घेतला नाही, ते साहजिकच. म्हणजे ऑर्थोडॉक्स जगातसुद्धा या चोरीविषयी एकमत नाही. दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर असं, की हाकललेल्यांचा वारसा हाकलणाऱ्या सरकारकडे कसा जाईल? तो आहे इस्तंबूलच्या पॅट्रिआर्ककडे, मायराचं धर्मपीठ त्यांच्या परंपरेतलं. उद्या त्यांनी मागणी केली, की आम्हाला ही हाडं आमच्या चर्चमध्ये ठेवायची आहेत, तर बारीने द्यावीत असं मी म्हणेन, आणि माझ्या या म्हणण्याने बारीतले लोक माझ्यावर भडकतील हेही कबूल. सांस्कृतिक मंत्रालयाच्या पत्राला मात्र नम्र नकार.

वाघनखांची गोष्ट निराळी, हेही इथेच सांगून टाकतो. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून ती जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आली ती तीन वर्षांच्या बोलीवर. लंडनमध्ये त्यांच्यापुढे हात जोडणारं कोणी नव्हतं, त्यामुळे तिथे उपासकाचा प्रश्नच येत नाही. तिथे प्रश्न इतिहासाचा, पुराव्याचा आणि मालकीचा आहे. सगळ्या परतफेडी एका मापाने मोजण्याची सवय आपण सोडली तर आपली खरी मागणी जास्त जोरात मांडता येईल.

बारीला हाडं ठेवून घेण्याचा अधिकार दिला म्हणजे मोकाट सोडलं असं नाही. संताचा उपयोग कोण करून घेतंय याकडे तिथे फार डोळेझाक होते. चर्चबाहेर निकोलसचा ब्राँझचा पुतळा आहे, २००३ मध्ये रशियाकडून आलेला, आणि त्याच्याजवळ पुतिन यांच्या नावाचा फलक. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर तो फलक काढायची मागणी झाली. ती रास्तच होती. ज्या तळघरात युक्रेनियन बायका मुलांसाठी मेणबत्त्या लावतात त्याच्या दारात त्या माणसाचं नाव कशाला? मिरवणुकीचंही तेच. खलाशी शूर होते, समुद्र खवळलेला होता, गावाने जल्लोष केला, हे सगळं दाखवा की. पण मायराचे भिक्षूही दाखवा. गलबतं किनाऱ्याला लागल्यावर आर्चबिशप उर्सोचे लोक आणि खलाशांच्या बाजूचे लोक हाडांवरून हातघाईवर आले आणि माणसं मेली, हेही दाखवा. तेव्हा मठाधिपती एलिया मध्ये पडला नसता तर जत्रेला आज हे रूप आलंच नसतं.

आणि राहिला हाडं बाहेर पाठवण्याचा मुद्दा. ‘एवढे जुने अवशेष हलवायचे कसे’ हे कारण आता चालणार नाही. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस आणि मॉस्कोचे पॅट्रिआर्क किरील हवानाला भेटले, त्यातून ठरलं आणि मे २०१७ मध्ये निकोलसची एक बरगडी मॉस्कोला गेली. ९३० वर्षांत पहिल्यांदा बारीबाहेर. मॉस्को नदीच्या काठाने किलोमीटरच्या किलोमीटर रांगा लागल्या, मग ती सेंट पीटर्सबर्गला नेली. देमरेच्या त्या जुन्या चर्चमध्ये ६ डिसेंबरला, निकोलसच्या सणाला, ऑर्थोडॉक्स उपासनेला परवानगी मिळते तेव्हा इस्तंबूलहून धर्मगुरू येतात, थोडे ग्रीक, थोडे रशियन भाविक येतात. त्या एका दिवसासाठी, पॅट्रिआर्कच्या हवाली करून, एखादं हाड पाठवायला काय हरकत आहे? २०८७ मध्ये या चोरीला हजार वर्षं पूर्ण होतील, तोवर वाट पाहायचंही कारण नाही. दिलेलं परत येणार नाही ही भीती बारीत बोलून दाखवली जाईल, आणि ती भीती नेमक्या त्याच गावाला वाटावी यात नवल नाही. पण मॉस्कोला गेलेली बरगडी जुलै २०१७ च्या अखेरीस बारीला परत आली होती.